लेकरं घेऊन बोटीत बसायचं, तर कोणती वाट धरायची?

गटाच्या बैठकीत हप्त्याचं आणि व्याजाचं बोलणं संपलं की हल्ली सहलीचा विषय निघतोच. शेगाव झालं, माहूर झालं, पोहरादेवी तर आपल्या जिल्ह्यातलीच. लोणारच्या सरोवराचं कौतुक पाहुण्यांना, आपल्याला ते शेजारचं. आता नव्या सुना म्हणतात, एकदा समुद्र पाहू, बोटीत बसू. मोबाईलवर त्या मोठ्या क्रूझची जाहिरात येते. दहा मजली घर पाण्यावर चाललंय असं वाटतं, आणि लेकरं विचारतात, आपण कधी जायचं? किन्हीराजातल्या आम्ही काही जणींनी याचीच माहिती गोळा केली. आज ती तुमच्यापुढे मांडतो. मोठ्यांचं काही नाही, त्या कुठंही निभावून नेतात. कडेवर एक आणि बोटाला एक असं लेकरू असेल, तेव्हा वाट कशी निवडायची, एवढाच आजचा विषय.

पहिली गोष्ट. सहलीचा कागद हातात आला की आपण त्यावरची ठिकाणं मोजतो. पाच ठिकाणं दाखवणारा चांगला, तीन दाखवणारा लुटारू! लेकरं सोबत असतील तर ठिकाणं मोजू नका, चढ-उतार मोजा. किती वेळा सामान उचलायचं, किती वेळा झोपलेलं लेकरू उठवायचं, किती वेळा एका गाडीतून दुसरीत जायचं. लेकरू प्रवासात फारसं रडत नाही, ते या बदलाबदलीत रडतं. पाण्यावर तर धोकाही तिथंच असतो. बोट चालू असते तेव्हा आपण बसलेल्या असतो. बोटीत पाय टाकताना आणि बोटीतून पाय काढताना खाली फट असते आणि बोट हलत असते.

कोकणातल्या बायांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. मुंबई-गोवा बोटी कोकणच्या किनाऱ्यानं कित्येक दशकं चालल्या, १९८० च्या दशकापर्यंत. पण कितीतरी बंदरांत बोट थेट धक्क्याला लागत नसे. ती दूर पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात बसून, म्हणजे छोट्या होडीत बसून, तिच्यापर्यंत जायची. मग हलत्या पडावातून हलत्या बोटीत लेकरं हातोहात द्यायची. लाट वर आली की द्यायचं, खाली गेली की थांबायचं.

आता मोठ्या क्रूझचं पाहू. मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ २०२१ पासून चालते. चढ-उताराच्या हिशेबानं क्रूझ खरं तर लेकरांना सोयीची. एकदा खोलीत पिशवी सोडली की जेवण, झोप, खेळ सगळं तिथंच. पण सगळ्या क्रूझ सारख्या नाहीत. गोव्याला जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागतं, माणूस चालत खाली उतरतो. लक्षद्वीपला जहाज बाहेर उभं राहतं आणि लहान बोटीतून बेटावर नेतात, म्हणजे पुन्हा तो पडावच. कडेवर बाळ असेल तर आम्ही गोव्याची दोन रात्रींची क्रूझ म्हणू, लक्षद्वीपची नाही. जाहिरातीत ‘समुद्रात एक दिवस’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की त्या दिवशी जमीन नाही, दवाखाना जहाजावर असेल तेवढाच. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत, आणि २४ आठवड्यांपुढची गरोदर बाईही घेत नाहीत. पैसे भरायच्या आधी हे विचारून घ्यावं. पैशाचं म्हणाल तर माणशी हजारोंचा मामला आहे, दिवाळीत आणि नाताळात त्याहून जास्त. गटातून कर्ज काढून क्रूझला जाणं आम्हाला पटत नाही. कुणाला पटत असेल तर तिचा हिशेब तिनं पाहावा.

आपल्याला परवडणारी समुद्राची वाट म्हणजे घारापुरी. गेटवे ऑफ इंडियाहून साधारण अकरा किलोमीटर, बोटीत तासभर. लेणी पाहण्यासारखीच आहेत. तीन मुखांचा तो प्रचंड महादेव पाहून लेकरंसुद्धा क्षणभर गप्प होतात. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. सोमवारी लेणी बंद, हे विसरू नका. पंधरा वर्षांखालच्या लेकरांना लेण्यांचं तिकीट पडत नाही. आता चढ-उतार मोजा. किन्हीराजाहून एसटी, अकोल्याहून रात्रीची रेल्वे, मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनवरून गेटवेपर्यंत बस नाहीतर टॅक्सी, मग बोट, बेटावर उतरल्यावर लांबलचक धक्का आणि त्यावर लहान मिनी ट्रेन, आणि शेवटी शंभरावर पायऱ्या. त्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी दुकानं, म्हणजे प्रत्येक पायरीवर लेकराचा एक हट्ट. वर माकडं आहेत, ती हातातला कुरकुऱ्याचा पुडा ओढून नेतात. पाच-सहा वर्षांपुढची, पायांनी चालणारी लेकरं असतील तर घारापुरी उत्तम. तीन वर्षांखालची दोन-तीन असतील तर आम्ही ती वाट धरणार नाही. आईचा सगळा दिवस उचलाउचलीत जातो आणि लेणी बाकीच्या पाहून येतात.

मग अशा आयांनी काय घरी बसावं? नाही. त्यांच्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट आहे. मार्च २०२० पासून चालते. रो-रो म्हणजे ज्या बोटीत मोटारी आणि बसगाड्या सरळ चालत आत जातात. तिला पायऱ्या नाहीत, उतरंड आहे, त्यावरून लेकरू आपल्या पायांनी आत जातं. बोट मोठी असल्यानं हेलकावे कमी, बसायला बंद खोली, शौचालयही आहे. तासाभरात मांडवा. तिथं किनाऱ्यावर वाळूत लेकरं सोडावीत, भाकरी खावी आणि परतीच्या बोटीनं यावं.

रो-रोची आणखी एक सोय आम्हाला फार आवडली. गटानं मिळून गाडी केली असेल, तर ती गाडीच बोटीत चढते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, आणि शेलूबाजारला त्यावर चढता येतं. म्हणजे दारातून गाडीत बसायचं ते भाऊच्या धक्क्यालाच उतरायचं. पाच-सहा बदल वाचले! गाडीची जागा मात्र आधी राखून ठेवावी लागते. आणि ड्रायव्हरला एका दमात रात्रभर चालवायला लावू नका. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डुलकी लवकर लागते. दोन ड्रायव्हर घ्या, नाहीतर दिवसा निघा.

जंजिऱ्याचं नाव बऱ्याच जणी घेतात. राजपुरीहून शिडाच्या होडीनं किल्ल्याच्या दारापर्यंत जातात. होडी दाराच्या पायऱ्यांशी हलत असते आणि तिथंच पाय टाकायचा असतो. किल्ला बघण्याजोगा, पण लहान लेकरं नकोत. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी थोडक्या वेळाची आहे, पण आपल्याकडून मालवण फार दूर.

कधी जायचं? पावसाळ्यात नाहीच. जून ते ऑगस्ट गेटवेहून मांडव्याच्या लहान बोटी बंद असतात, जंजिऱ्याच्या होड्याही बंद असतात, समुद्र खवळलेला असतो. सोयाबीन घरात आलं, दिवाळी उलटली की मग समुद्र शांत असतो. नाताळची गर्दी टाळा. आणि घरातलं पंचांग काढा. अमावास्येला आणि पौर्णिमेला, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, समुद्राला उधाण असतं. मुंबईत तेव्हा पाणी चार मीटरच्या आसपास चढतं आणि तेवढंच उतरतं. ओहोटीला गेटवेच्या पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडतात, त्यावर शेवाळ असतं आणि बोट खूप खाली उभी असते. अष्टमीच्या सुमाराला हा चढ-उतार सगळ्यात कमी असतो, कोळी लोक त्याला भांग म्हणतात. म्हणून लेकरांसाठी अष्टमी-नवमीच्या आसपासची तारीख धरा. एकादशीला निघायचं की नाही यावर आपण तासभर बोलतो, तेवढ्यात हेही बोलून घ्यावं. दिवसातली वेळ सकाळची. दुपारनंतर वारा सुटतो आणि लाटा वाढतात.

आता जॅकेटचं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली आणि पंधरा जीव गेले, त्यात लेकरूही होतं. त्यानंतर गेटवेच्या बोटींत लाईफ जॅकेट घालणं सक्तीचं केलं गेलं. घाबरवायला सांगत नाही. त्या वाटेनं वर्षभर माणसं जातात आणि सुखरूप येतात. पण मोठ्या माणसाचं जॅकेट लेकराला घातलं तर ते पाण्यात गळ्यातून वर निघून जातं. लेकराच्या वजनाचं जॅकेट मागा. ते घालून पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढून पाहा. हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे, दुसरं मागा. पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावाच. बाळाला साडीनं किंवा ओढणीनं पोटाशी बांधून त्यावर आपलं जॅकेट घालू नका, वेळ आली तर ते सुटत नाही. लेकराच्या मापाचं जॅकेट नाही म्हणाले, तर त्या बोटीत बसू नका, दुसरीची वाट पाहा. बोटीवर किती माणसं न्यायची तो आकडा लिहिलेला असतो. त्याहून जास्त भरत असतील तर चारचौघींनी मिळून बोलावं, एकटीचं ऐकत नाहीत. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, मोबाईलमध्ये घालून ठेवा.

बोट लागण्याचं काय? दोन वर्षांखालच्या बाळांना ती क्वचितच लागते. त्याहून मोठ्या, बारा वर्षांपर्यंतच्या लेकरांना जास्त लागते. बोटीच्या मधल्या भागात बसवा, टोकाला नाही. दूर, जिथं पाणी आणि आभाळ टेकतं तिथं बघायला सांगा. मोबाईल देऊ नका, खाली मान घालून बघितलं की हमखास ओकारी. उपाशी नेऊ नका आणि वडापाव खाऊ घालूनही नेऊ नका. अर्धी पोळी, केळं, मुरमुरे पुरे. दुकानातून उलटीची गोळी आणून मोठ्यांची अर्धी करून देतात, ते करू नका. अ‍ॅव्होमीनमध्ये प्रोमेथाझिन असतं, ते दोन वर्षांखालच्या बाळाला देतच नाहीत. मोठ्या लेकराला किती द्यायची, ते निघायच्या आधी दवाखान्यात विचारा.

रेल्वेनं जायचं ठरलं, तर आम्ही दिवस असे लावू. रविवारी मालेगाव, मेडशी, पातूर करत अकोल्याला जायचं आणि रात्रीच्या गाडीत बसायचं. सोमवारी सकाळी मुंबईत. त्या दिवशी बोट नाहीच, लेकरांची झोप होऊ द्यायची आणि दुपारी भायखळ्याची राणीची बाग पाहायची. ती बुधवारी बंद असते, सोमवारी उघडी. मंगळवारी सकाळी मोठी लेकरं असलेल्यांनी घारापुरी, तान्ह्या लेकरांवाल्यांनी रो-रो. संध्याकाळी सगळ्यांनी स्टेशनवर भेटायचं आणि रात्रीची गाडी धरायची. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच, पाच वर्षांखालच्या लेकराचं तिकीट नाही आणि बारापर्यंत अर्धं. रेल्वेत पाच वर्षांखालचं लेकरू फुकट, पण त्याला वेगळी जागा मिळत नाही; पाच ते बारापर्यंतच्याला झोपायची जागा हवी असेल तर पूर्ण तिकीट पडतं. आम्ही म्हणू, ते पूर्ण तिकीट काढा. रात्रभर एका बर्थवर आई आणि सहा वर्षांचं पोरगं झोपलं, तर सकाळी दोघंही बोटीच्या कामाची राहत नाहीत. लेकरांचं आधार कार्ड सोबत घ्या. प्रत्येक लेकराच्या खिशात आईचं नाव आणि मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, म्हणजे ती भिजणार नाही.