लोहार पुन्हा भट्टीजवळ येतो तेव्हा

नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या निंदणीला खुरपे लागते, उसाला कोयता लागतो. ही अवजारे घडवणाऱ्या घरांतील एखादा माणूस सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नोकरीला जातो आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा भट्टी पेटवतो. त्याला काय आठवते आणि काय नव्याने शिकावे लागते?

हात लवकर सावरतो. सायकल चालवणे विसरत नाही, तसेच घाव घालणेही. मनगट आणि खांदा काही दिवस दुखतात, एवढेच. खरी अडचण येते ती अवजाराला 'पाणी देताना'.

पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते व त्या नव्या मांडणीत कार्बन सहज सामावतो. असे पोलाद सावकाश थंड केले तर कार्बन वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहते. एकदम थंड केले तर त्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो अडकून पडतो, मांडणी ताणली जाते आणि पोलाद कठीण, पण काचेसारखे ठिसूळ बनते.

पाणी देण्याची वेळ लोहार रंगावरून ओळखतो. पण डोळा रंग पाहतो तो भोवतालच्या उजेडाच्या तुलनेत. अंधाऱ्या खोपटात लखलखीत लाल दिसणारे पोलाद उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी मंद दिसते. मग माणूस ते आणखी तापवतो, आतले कण मोठे होतात आणि धारेचे टवके उडतात. यावर सोपा उपाय म्हणजे तारेला बांधलेले लोहचुंबक. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर थोडेच अधिक तापवावे. हे तापमान उजेडावर अवलंबून नाही!

दुसरी अडचण मालाची. ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद साधे नसते. त्यात मँगनीज, सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेले असते. त्यामुळे कार्बन वेगळा व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेलात सावकाश थंड केले तरी पाते कठीण होते. तेच पाण्यात बुडवले तर बाहेरचा थर आधी कडक होतो, नंतर आतला भाग कडक होताना फुगतो आणि पाते तडकते. साध्या कार्बन पोलादावर शिकलेल्या माणसाचा कोयता असा फुटला, तर तो हात विसरल्याचा पुरावा नव्हे. माल वेगळा आहे, इतकेच.

ठिसूळपणा घालवण्यासाठी पाते घासून चकचकीत करतात व पुन्हा हलके तापवतात. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा येतो. डबक्यावरच्या रॉकेलच्या तवंगाप्रमाणे, पापुद्र्याच्या जाडीनुसार त्यावर रंग दिसतात. साध्या पोलादावर सुमारे २३० अंशांना फिकट पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. सुरीला पिवळा-तपकिरी चालतो. दणके खाणाऱ्या कोयत्याला जांभळ्याच्या पुढे न्यावे लागते.

वर्गात शिवणाच्या सुया आणि स्पिरिटचा दिवा पुरे. चिमट्याने धरून दोन सुया लाल करा. एक हवेत थंड होऊ द्या, दुसरी पाण्यात बुडवा. पहिली वाकेल, दुसरी तुटेल (डोळ्यांना चष्मा हवाच). तिसरी सुई पाण्यात बुडवून झाल्यावर पॉलिश कागदाने घासा आणि ज्योतीच्या बरीच वर धरून हळूहळू निळी करा. हा रंग मात्र खिडकीशी, भरपूर उजेडात पाहावा. तो तापलेल्या धातूचा स्वतःचा प्रकाश नसून परावर्तित प्रकाशाचा रंग आहे.