अमरावतीला वीस, अकोल्याला दहा

केंद्र सरकारच्या एखाद्या कर्मचाऱ्याची अमरावतीहून अकोल्याला बदली झाली, की त्याचा घरभाडे भत्ता निम्म्यावर येतो. मूळ वेतन 30,000 रुपये असेल तर 6,000 चे 3,000 होतात. भाजी, दूध आणि शिकवणीचे शुल्क मात्र निम्मे होत नाही!

याचे कारण भाड्यात नसून शिरगणतीत आहे. पाच ते पन्नास लाख वस्तीचे शहर ‘वाय’ वर्गात, त्याखालचे ‘झेड’मध्ये. 1 जानेवारी 2024 पासून त्यांचे दर अनुक्रमे 20 व 10 टक्के झाले. 2011 च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या घरात होती, अकोला सव्वाचार लाखांपाशी थांबले. 2016 साली हद्दवाढ होऊन आसपासची गावे अकोला महापालिकेत आली खरी. पण हिशेब जुन्याच आकड्यांवर.

शिवाय भत्ता नेमणुकीच्या ठिकाणावर ठरतो, राहत्या घरावर नव्हे. मुलांच्या शाळेसाठी, वृद्ध आईवडिलांसाठी बिऱ्हाड अमरावतीतच ठेवून बडनेऱ्याहून रोज ‘अप-डाऊन’ करणाऱ्याच्या हाती अकोल्याचाच दर पडतो. वर पासाचा खर्च आणि घराला न मिळालेले कित्येक तास.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिचे आकडे येऊन वर्गीकरण बदलेपर्यंत अकोला ‘झेड’च.