रेवंदचिनी नव्हे, करवंद

पाश्चात्य देशांत ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचे सरबत करतात, हे वाचून एका रुग्णाने आमच्याकडे रेवंदचिनी मागितली. हा घोळ औषधविक्रेत्यांनी ध्यानी घ्यावा. आपल्या बरणीतील रेवंदचिनी हे त्याच कुळातील हिमालयीन वनस्पतीचे रेचक मूळ होय. सरबतात त्यास स्थान नाही. ऱ्हुबार्बचेही केवळ देठच खाद्य, पाने विषारी.

माले परिसरात वैशाखात करवंदे पिकत असता हा खटाटोप कशास? मात्र भावप्रकाशानुसार कच्चे करमर्द उष्ण व रक्तपित्तकर, तर पक्व फळ मधुर, लघु, पित्तवातशामक आहे. म्हणून काळीभोर फळेच घ्यावीत, चीक धुऊन पाण्यात कुस्करावीत, गाळून खडीसाखर व किंचित जिरेपूड मिसळावी. पानक त्याच दिवशी संपवावे. उन्हाळ्यात ते लवकर आंबते.