बालक्रीडांगणाची जमीन : एक दुर्लक्षित बाब

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अंगणवाड्या, शाळा व मंदिरांच्या प्रांगणांत दानशूर व्यक्तींच्या सहकार्याने घसरगुंड्या व झोपाळे बसविले जातात. खेळण्यावर दात्याचे नाव येते. त्याखालील जमिनीचा विचार मात्र क्वचितच होतो. आमच्या रुग्णालयाच्या आवारातही घसरगुंडीखाली प्रारंभी फरशीच होती, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो.

फरशी, काँक्रीट वा धुमस केलेल्या मुरमावर आदळलेले डोके क्षणार्धात थांबते व सारा आघात मेंदूस सोसावा लागतो. भुसभुशीत थरात ते किंचित रुतत थांबते, त्यामुळे आघात सौम्य होतो. हिरवळही पायांखाली झिजून कठीण बनते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेनुसार, दबल्यानंतर ९ इंच उरणारा वाळूचा थर ४ फुटांपर्यंतच्या उंचीवरून पडण्यास पुरतो. लाकडाच्या चिपांचा तेवढाच थर १० फुटांपर्यंत. असा थर खेळण्याच्या चहूबाजूंस किमान ६ फूट असावा.

भीमाशंकर, नाणेघाट या पश्चिम पट्ट्यात पाऊस अधिक. भिजलेली वाळू घट्ट बसते. म्हणून तळाशी निचऱ्याची सोय करावी, थर वरचेवर उकरावा, काचा-खडे वेचावेत आणि कुत्र्या-मांजरांपासून रक्षणार्थ रात्री ताडपत्री अंथरावी.

रबरी लाद्या उपयुक्त, परंतु खर्चिक आहेत. वाळूस भांडवली खर्च अल्प असला, तरी निगेचा खर्च दरवर्षीचा आहे. खेळणी देणाऱ्या दात्यांनी त्याखालील थर व त्याची निगा यांचीही तरतूद करावी, ही नम्र विनंती.