मुलांचा पासपोर्ट: जन्मदाखल्यापासून सुरुवात

अठरा वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट दोन आधारांवर उभा असतो: मुलाचा जन्मदाखला आणि आई-वडिलांची कागदपत्रे. पूर्वी लहान मुलांची नावे आई किंवा वडिलांच्या पासपोर्टवर चढवली जात. आता तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. या कामातला बराचसा खोळंबा अर्ज भरताना होत नाही. या कागदांवरची नावे आणि तारखा एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून होतो.

1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. 2025 साली पासपोर्ट नियमांत तशी दुरुस्ती झाली. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन कार्ड असे इतर पर्याय आहेत. पण शिकत्या मुलाकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतोच, त्यामुळे बहुतेक घरांत जन्मदाखलाच पुढे येतो. हा दाखला शहरात महापालिका किंवा नगरपालिका देते, गावात ग्रामपंचायत. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. बारसे व्हायच्या आधीच नोंद झाली असेल, तर दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी राहते. पासपोर्टसाठी असा दाखला उपयोगाचा नाही. नोंदणीपासून एका वर्षाच्या आत नाव विनाशुल्क चढवता येते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

मराठी घरांत नेमकी अडचण येते ती नावाच्या रचनेत. आपल्याकडे मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन पदे असतात. पासपोर्टच्या अर्जात रकाने दोनच: नाव आणि आडनाव. वडिलांचे नाव ठेवायचे असेल, तर ते मुलाच्या नावाला जोडून पहिल्याच रकान्यात लिहावे लागते. जन्मदाखल्यावर नुसते ‘ओवी’ आणि आधार कार्डवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, अशी तफावत असल्यास ती आधी दूर केलेली बरी. इंग्रजी स्पेलिंगचेही तसेच. ‘वैष्णवी’तला ‘व’ एका कागदावर व्ही आणि दुसऱ्यावर डब्ल्यू असला, की काउंटरवर प्रश्न निघतो. आईचे नाव एके ठिकाणी माहेरचे आणि दुसरीकडे सासरचे असले, तरी तोच प्रकार.

पत्त्याचा पुरावा मुलाच्या नावावर क्वचितच असतो. म्हणून आई किंवा वडिलांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत चालते. पासपोर्टवरचा पत्ता मात्र सध्याचा हवा. पालकांच्या संमतीसाठी ‘ॲनेक्शर डी’ हे घोषणापत्र लागते. त्यावर आई-वडील दोघांच्याही सह्या असतात. साध्या कागदावर ते चालते, नोटरीची गरज नाही. एकल पालक असेल किंवा दुसऱ्या पालकाची संमती मिळणे शक्य नसेल, तर ‘ॲनेक्शर सी’ भरावे लागते. 2016 च्या अखेरीस नियम सोपे झाले, तेव्हापासून अर्जात एकाच पालकाचे नाव दिले तरी चालते.

अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरून शुल्क ऑनलाइन भरायचे आणि भेटीची वेळ घ्यायची. मुलांच्या 36 पानी पासपोर्टचे शुल्क 1000 रुपये आहे. आठ वर्षांखालील मुलाच्या पहिल्या पासपोर्टवर 10 टक्के सवलत मिळते. तत्काळसाठी 2000 रुपये जास्तीचे. भेट पासपोर्ट सेवा केंद्रात असते, किंवा 2017 पासून टपाल कार्यालयांत सुरू झालेल्या केंद्रांत.

भेटीच्या दिवशी मूल कितीही लहान असले तरी त्याला सोबत न्यावेच लागते. मूळ कागद आणि त्यांच्या स्वसाक्षांकित प्रती एकाच फाइलमध्ये, क्रमाने लावलेल्या असाव्यात. चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा 4.5 बाय 3.5 सेंटिमीटरचा फोटो घरूनच न्यायचा असतो; मोठ्या मुलांचा फोटो केंद्रातच काढतात. सही न येणाऱ्या मुलाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. ‘ए’ काउंटरवर कागद स्कॅन होतात, ‘बी’वर तपासले जातात आणि ‘सी’वर अधिकारी निर्णय देतो. पालकांकडे वैध पासपोर्ट असल्यास बहुधा पोलीस पडताळणी लागत नाही.

परदेशात भारतीय आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या मुलासाठी पहिले काम वेगळे असते. त्याच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात करावी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असेही पालकांनी लिहून द्यायचे असते.

मुलाचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे, यांतले जे आधी येईल तोवर चालतो. पंधरा ते अठरा वयोगटाला मोठ्यांइतके 1500 रुपये शुल्क भरून दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो. अनेक देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात. त्यामुळे पाच वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेचार वर्षेच कामी येतो, आणि पुढच्या सहलीचे तिकीट काढण्याआधी त्यावरची तारीख पाहावी लागते.