उलट्या बोगद्याची सुरक्षितता

डोंबिवलीतील संगणकावरील फोल्डर ठाण्यातील सहाध्यायास काही काळ खुले करावयाचे झाल्यास, घरगुती राउटर बाहेरून आलेली मागणी सामान्यतः आत येऊ देत नाही. आतून निघालेली जोडणी मात्र अडवीत नाही. उलटा बोगदा याच भेदावर आधारलेला आहे. हेलसिंकी तंत्रविद्यापीठातील तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये रचलेल्या एसएसएच पद्धतीने डोंबिवलीचा संगणक स्वतः मध्यस्थ सर्व्हरशी जोडणी करतो. ठाण्याहून सर्व्हरच्या नेमलेल्या पोर्टवर आलेली मागणी त्याच जोडणीतून फोल्डरापर्यंत पोहोचते. जोडणी तोडताच मार्ग बंद होतो. तथापि कूटबद्धतेचे संरक्षण डोंबिवली ते सर्व्हर एवढ्याच टप्प्यास लाभते. पोर्ट सर्वांस खुले राहिले आणि परवलीचा शब्द नसला, तर फोल्डर कोणासही पाहता येते. म्हणून पोर्ट सर्व्हरपुरते मर्यादित ठेवावे व ठाण्याच्या संगणकानेही एसएसएचनेच सर्व्हर गाठावा.