सैनिकाच्या श्वासासाठी राबणारे इंजिनिअर

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळातल्या पालकांच्या बोलण्यात ठरलेली नावे येतात: कॉम्प्युटर, मेडिकल, सी.ए. कोणी बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे नाव काढले, तर “म्हणजे हॉस्पिटलमधली यंत्रे दुरुस्त करायची ना?” असा प्रश्न येतो. त्याला सैन्याची जोड दिली की तोफा-बंदुका डोळ्यांपुढे येतात. खरे तर हे काम माणूस जगवण्याचे आहे, आणि त्याचा लाभ आपल्यासारख्या सामान्यांपर्यंत पोहोचलेला आहे. ऑक्सिजनच्या एकाच उदाहरणावरून ते समजून घेऊ.

बेंगळुरूला डीआरडीओची ‘डेबेल’ नावाची प्रयोगशाळा आहे. पूर्ण नाव डिफेन्स बायोइंजिनिअरिंग अँड इलेक्ट्रोमेडिकल लॅबोरेटरी. सैनिकाच्या शरीराला लागणारी उपकरणे तयार करणे हे तिचे काम. ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या वैमानिकाला ऑक्सिजन कसा पुरवायचा, हा तिच्यापुढचा एक मोठा प्रश्न होता.

विमान जसजसे वर जाते तसतशी हवा विरळ होते. साधारण साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो. लढाऊ विमान त्याहून कितीतरी वर जाते. पूर्वी वैमानिकासाठी ऑक्सिजन साठवून सोबत नेत. पण साठा म्हटला की तो संपणार. आता उडत्या विमानात हवेतच इंधन भरता येते. इंधन मिळूनही ऑक्सिजनसाठी खाली उतरावे लागले, तर त्याचा उपयोग काय?

यावर उपाय म्हणजे विमानातच ऑक्सिजन तयार करायचा. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. इंजिनातून घेतलेली दाबाची हवा थंड व स्वच्छ करून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांमधून सोडतात. दाब असताना हे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की धरलेला नायट्रोजन बाहेर पडतो आणि दाणे पुन्हा कामाला तयार होतात. म्हणून अशा टाक्या आळीपाळीने चालवतात. एक ऑक्सिजन देत असते, तेव्हा दुसरी मोकळी होत असते. पुरवठा अखंड राहतो.

ऐकायला सोपे, करायला अवघड. विमान गोते घेते, हादरते, क्षणात हजारो फूट वर-खाली होते. तेवढ्यातही मास्कमधला ऑक्सिजन कमी पडता कामा नये. मार्च २०२५ मध्ये तेजसच्या एका नमुना विमानावर या प्रणालीच्या चाचण्या ५०,००० फूट उंचीपर्यंत यशस्वी झाल्या. तेजसचे पहिले उड्डाण जानेवारी २००१ मधले. यावरून या कामाला किती धीर लागतो ते कळते. आम्ही बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना “धंदा बुडाला तर?” हे आधी पाहत होतो. हे इंजिनिअर “यंत्र बंद पडले तर?” हे आधी पाहतात. मुख्य पुरवठा थांबला तर राखीव ऑक्सिजन कसा सुरू होईल, याची सोय त्यांना आराखड्यातच करावी लागते.

हेच तंत्र जमिनीवर आणून डेबेलने वैद्यकीय ऑक्सिजनचे संयंत्र तयार केले. लेह-लडाख आणि ईशान्येकडच्या काही लष्करी ठाण्यांवर ते आधीच बसवलेले होते. तिथे सिलिंडर पोहोचवणेच अवघड असते. मग आला २०२१ चा एप्रिल. त्या दिवसांत सिलिंडरसाठी लागलेल्या रांगा आपण कोणीही विसरलेलो नाही. डीआरडीओने हे तंत्र टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स आणि कोइमतूरच्या ट्रायडेंट न्यूमॅटिक्स या कंपन्यांना दिले, आणि पीएम केअर्स निधीतून ३८० संयंत्रांच्या ऑर्डरी निघाल्या. एका संयंत्राची क्षमता मिनिटाला १,००० लिटर. दर रुग्णाला मिनिटाला ५ लिटर धरले, तर सुमारे १९० रुग्णांची सोय.

त्याच काळातले दुसरे उपकरण ‘ऑक्सिकेअर’. हेही मुळात अतिउंचीवरच्या जवानांसाठी केलेले. मनगटावरचे यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण सतत मोजते, आणि त्यानुसार झडप आपोआप कमी-जास्त उघडते. बर्फात एकट्या पडलेल्या जवानाजवळ नॉब फिरवायला नर्स नसते, म्हणून ही युक्ती. कोविडच्या वॉर्डातही नर्स कमीच होत्या. ऑक्सिजनची नासाडीही यामुळे टळते. मे २०२१ मध्ये अशा दीड लाख संचांच्या खरेदीला मंजुरी मिळाली.

आपल्या हैदराबादला तर हे नवे नाही. डॉ. अब्दुल कलाम इथे कंचनबागच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेत होते, तेव्हा ‘निम्स’च्या अस्थिरोग विभागातल्या मुलांच्या पायांत तीन-तीन किलोंचे कॅलिपर होते. क्षेपणास्त्रासाठी केलेल्या हलक्या पदार्थांचे ज्ञान वापरून सुमारे ३०० ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. आपल्या कामातला सर्वांत मोठा आनंद म्हणून ते स्वतः ही गोष्ट सांगत. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांच्यासोबत त्यांनी केलेला स्वस्त स्टेंटही इथलाच.

ज्यांच्या मुलांना भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र दोन्ही आवडतात, त्यांनी हा मार्ग जरूर पाहावा. उस्मानिया विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणि आयआयटी हैदराबादला बायोमेडिकल विभाग आहेत. २०२० पासून ‘गेट’ परीक्षेत या विषयाचा स्वतंत्र पेपर आहे. डीआरडीओत शास्त्रज्ञांची भरती मुख्यतः गेटचे गुण आणि मुलाखत यांवर होते. मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीत कोणत्या शाखा आहेत, ते आधी नीट वाचावे. सरकारी नोकरीच हवी असेही नाही. ही उपकरणे शेवटी कारखान्यांतच बनतात, आणि तिथेही हीच माणसे लागतात.

एक गोष्ट मात्र मुलांना आधीच सांगावी. या कामात नाव होत नाही आणि फळ यायला वर्षे लागतात. पण एखाद्या जिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता कोणाचा श्वास सुरळीत चालतो, त्यामागे अशाच कोणाची तरी वीस वर्षांची मेहनत असते.